गालाच्या आतली खूण

चष्मेवालीचा भाऊ दातांचा डॉक्टर होता. जन्मभर लोकांना "मोठा आ करा" म्हणत आलेला हा माणूस स्वतःचं तोंड उघडायला मात्र काही केल्या तयार होईना. तसं त्यात दुखण्या-खुपण्यासारखं काहीच नव्हतं. कापूस लावलेली एक काडी गालाच्या आतून फिरवायची, एवढंच काम. पण बहिणीने विषय काढला रे काढला की तो ओठ असे घट्ट मिटून घ्यायचा, जणू ती त्याची दाढच उपटायला आली आहे.

"तुझं तूच का नाही करत?" तो विचारायचा. "तुला गाल नाहीत?"

"गाल आहेत रे छोट्या. पण त्यात जे हवं ते माझ्याकडे नाही."

छोट्याने पन्नाशी केव्हाच ओलांडली होती, डोक्यावर केस मोजायला बसावं इतकेच उरले होते, तरी बहिणीच्या तोंडी तो छोट्याच होता. आणि ती म्हणत होती ते खरं होतं. जी गोष्ट शोधायची होती ती बापाकडून फक्त मुलाला मिळते. मुलींच्या वाट्याला ती येतच नाही.

हा किडा तिच्या डोक्यात शिरला तो दुकानातच. उताराच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाला लागून तिचं चष्म्यांचं दुकान होतं. मागे डोळे तपासायची चिंचोळी खोली. खोली इतकी आखूड की अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगून तो समोरच्या आरशात वाचायला लावावा लागे. एकदा एक बाई चष्म्याची तुटलेली काडी घेऊन आल्या. काडी बसवून होईपर्यंत त्या आरशासमोरच बसून राहिल्या आणि बोलता बोलता आपण काय काम करतो ते सांगायला लागल्या. पुरुषांच्या पेशीत एक छोटंसं गुणसूत्र असतं. बाप ते मुलाला देतो, मुलगा त्याच्या मुलाला. देताना जवळजवळ जसंच्या तसं देतो, पण पिढ्यान् पिढ्या नक्कल उतरवताना मधेच कुठेतरी एखादं अक्षर चुकतं. चूक एकदा झाली की पुढच्या सगळ्या मुला-नातवांत तीच चूक खुणेसारखी उतरते. कुठल्या चुका कुठल्या मुलखात जास्त सापडतात, याचा नकाशा ह्या संशोधक बाई बनवत होत्या.

"म्हणजे एखाद्याला आपला बाप कुठला ते ठाऊकच नसेल, तर?" चष्मेवालीने स्क्रू पिळता पिळता विचारलं.

"बाप कोण ते नाही कळणार," बाई म्हणाल्या. "पण बापाच्या बापाचा बाप कुठल्या बाजूचा असावा, याचा अंदाज बांधता येतो."

चष्मेवालीच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला दोघी बराच वेळ जमिनीवर ओणव्या होत्या.

त्याचं असं होतं, की तिचे बाबा स्टेशनात सापडलेले होते. लढाईचा काळ. रोज कुठून कुठून गाड्या यायच्या, माणसांचे लोंढेच्या लोंढे उतरायचे आणि दुसऱ्या गाडीत चढून जायचे. असाच एक लोंढा गेल्यावर प्रतीक्षागृहाच्या बाकावर दोन-अडीच वर्षांचं एक पोर तेवढं मागे राहिलं. स्टेशनातले दिवे पुसणाऱ्या माणसाने त्याला घरी नेलं आणि स्वतःच्या मुलासारखं वाढवलं. पुढे तो मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा झाला. कुणी विचारलं, तुम्ही मूळचे कुठले, तर हसून म्हणायचा, "मी होय? मी मधल्या मजल्यावरचा. वर कोण राहतं आणि खाली कोण, काही पत्ता नाही."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. चष्मेवाली लहानपणापासून ह्या विनोदावर सगळ्यांबरोबर हसत आली होती, पण वरच्या मजल्यावर कोण, हा प्रश्न तिला कधी सोडून गेला नव्हता.

भाऊ ऐकेना, तेव्हा तिने सरळ त्याच्या दवाखान्यात रीतसर वेळ घेतली आणि खुर्चीत जाऊन आडवी झाली. इथे तरी तो पळून जाणार नाही, असा तिचा हिशेब. पण झालं उलटंच. भावाने तिच्या तोंडात आरसा घातला, लाळ ओढायची नळी अडकवली आणि म्हणाला, "आता तुला बोलता येत नाही, म्हणून मी बोलतो."

चष्मेवालीने डोळे मोठे केले.

"बाबा गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होतो. शेवटी शेवटी त्यांनी हाक मारली ती आजीला. दिवे पुसणाऱ्या आजोबांची बायको, तीच आजी. दुसरी कोणी नव्हती त्यांना. आणि आता ते सगळे गेल्यावर मी तोंडात काडी फिरवून दुसराच कोणी आजोबा उभा करू? ज्यांनी ताटातला घास दिला त्यांना काय वाटेल?" त्याने तोंडातला आरसा फिरवला. "वरची मागची दाढ किडली आहे तुझी."

नळी तोंडात तशीच गुरगुरत होती. चष्मेवालीच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानात गेलं. ती दाढेसाठी नव्हती रडत. भावाला एवढं वाटतं हे तिला माहीतच नव्हतं. ती आपली त्याला आळशी समजत होती.

नळी निघाल्यावर ती म्हणाली, "आत्याला विचारू. ते तिचे सख्खे आईबाप. ती नको म्हणाली तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. शप्पथ."

"आत्या नकोच म्हणेल," भाऊ म्हणाला.

आत्या म्हणजे दिवेवाल्याची सख्खी मुलगी. बाबा घरी आले तेव्हा ती शाळेत जायला लागली होती. आता ऐंशीच्या पुढची, पण कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची, खिडकीशी बसून लोकर विणायची. भाचा-भाची जोडीने आलेली पाहून म्हणाली, "कोण मेलं?"

"कोणी नाही गं आत्या," भाऊ म्हणाला आणि त्याने सगळी हकिगत सांगितली. सांगताना आवाज असा लावला की तिने नकोच म्हणावं.

आत्याने सुया मांडीवर ठेवल्या. "माझी आई," ती म्हणाली, "कितीतरी वर्षं स्टेशनात जाऊन उभी राहायची. गाडी आली की बायकांचे चेहरे बघायची. आम्ही म्हणायचो, आई, तुला काय वाटतं, कोणी येऊन त्याला मागून नेईल? तर म्हणायची, न्यायला नको. पण कोणीतरी बाई कुठेतरी बसली असेल, पोराचं काय झालं म्हणून. तिला कळायला पाहिजे, पोर खुशाल आहे, जेवतंय, शाळेत जातंय." आत्याने भावाकडे बघितलं. "माझ्या आईला सांगायचं होतं ते सांगायचं राहूनच गेलं. आणि तू तोंड मिटून बसलायस. फिरव ती काडी, गाढवा."

भाऊ ओशाळून डोकं खाजवायला लागला.

"आणि हे बघ," आत्या म्हणाली, "तो आला तेव्हा बोलत होता. आमच्या बोलीत नाही, कुठल्याशा भलत्याच. जिना चढताना पायरीपायरीवर म्हणायचा, बीत, ओरा, सुम. चौथी पायरी आली की पुन्हा बीत. आम्ही त्याला आपले आकडे शिकवले, तो शिकला, स्वतःचे विसरला. पण तोवर मी त्याच्याकडून शिकले होते. मला गंमत वाटायची, कुणाला न कळणारी भाषा आपल्याला येते म्हणून. अजून टाके तसेच मोजते मी."

तिने सुया उचलून मोजूनही दाखवलं. बीत, ओरा, सुम. बीत, ओरा, सुम. चष्मेवाली थक्क होऊन ऐकत राहिली. बाबांनी हे शब्द कधी काढले नव्हते. आत्यालाही कधी कोणी विचारलं नव्हतं.

मग भावाने काडी फिरवली. संशोधक बाईंनी दिलेली सूचना तीनदा वाचली, "गाल असा नाही घासत, हे लिहिणाऱ्याला तोंडातलं काही कळत नाही," म्हणून नाक मुरडलं आणि दोन्ही गाल असे साग्रसंगीत घासले की बाईंच्या म्हणण्याप्रमाणे एवढा चांगला नमुना त्यांना आजवर मिळाला नव्हता.

निकाल यायला बरेच दिवस गेले. प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीच्या तळघरात होती. शीतपेट्यांची घरघर, भिंतीवर ठिपक्यांनी भरलेला मोठा नकाशा. बाईंनी नकाशाच्या अगदी वरच्या कडेवर, समुद्रात विखुरलेल्या बेटांवर बोट ठेवलं.

"तुमच्यातली खूण इथली. ह्या बेटांवर ती घरोघरी सापडते. समोरच्या किनाऱ्यावर थोडी. बाकी मुलखात क्वचितच."

"म्हणजे बाबा तिथले?" चष्मेवालीने विचारलं.

"तुमच्या बाबांच्या पुरुषांच्या रांगेतला कोणीतरी तिथला असावा. बाबा स्वतः की त्यांचे आजोबा की त्याच्याही मागचा कोणी, ते ही खूण सांगत नाही. आणि असावा म्हणते आहे मी, आहे म्हणत नाही."

पण शेवटची वाक्यं भावाच्या कानात शिरलीच नाहीत. तो त्या बेटांकडे टक लावून बघत होता. आणि त्या दिवसापासून त्याच्यात जे पालट झाले ते बघून चष्मेवालीने कपाळावर हात मारला. आधी दवाखान्यातल्या भिंतीवर दातांची चित्रं होती, तिथे वादळात सापडलेल्या होडीचं चित्र लागलं. मग तो दोरीच्या गाठी मारायला शिकला. पेशंटला भूल चढेपर्यंत दोरी घेऊन बसायचा. "मला पहिल्यापासून समुद्राचं वेड आहे," असं तो आल्यागेल्याला सांगू लागला. त्याची बायको हळूच म्हणाली, "ताई, गेल्या वर्षी तळ्यातल्या होडीत हे दहा मिनिटंही बसू शकले नाहीत हो. उलट्या करत उतरले." पण सांगणार कोण?

चष्मेवालीला आनंद झाला होता, नाही असं नाही. पण तिला चैन पडेना. बीत, ओरा, सुम तिच्या डोक्यात सारखं घुमत होतं. बेटांवरून आलेला एक खलाशी तिच्याकडे चष्मा करायला यायचा. तिने त्याला पकडून विचारलं. त्याने आपले आकडे म्हणून दाखवले. ते शिट्टी मारल्यासारखे वाटत होते आणि त्यात बीत नव्हतं, ओरा नव्हतं, सुमच्या जवळपास जाणारंही काही नव्हतं.

झालं. मग तिने धरलाच हट्ट. जो येईल त्याला आरशासमोर बसवायची, "वरून दुसरी ओळ वाचा," म्हणायची आणि लगेच पुढचा प्रश्न, "तुमच्यात एक-दोन-तीन कसं म्हणतात?" लोक बावचळायचे. एका आजोबांना वाटलं, ही डोळ्यांबरोबर डोकंही तपासते आहे. ते उठून गेले. पण बहुतेकांना मजा वाटायची. कुणी स्वतःच्या आजीचे आकडे सांगायचं, कुणी बायकोच्या माहेरचे. एवढ्या एका शहरात एवढ्या तऱ्हेने माणसं एक-दोन-तीन मोजतात, हे तिला इतकी वर्षं दुकान चालवून ठाऊक नव्हतं.

आणि एके दिवशी दुपारी एक नर्स आली, जवळचं दिसायला त्रास होतो म्हणून. चष्मेवालीने बीत, ओरा, सुम म्हणून दाखवलं तशी नर्स खुर्चीत ताठ झाली.

"हे तुम्हाला कुठून माहीत? माझी आई असं मोजते."

"कुठली तुमची आई?"

नर्सने खोऱ्याचं नाव घेतलं. नकाशाच्या अगदी खालच्या टोकाला, डोंगरांच्या पोटात. तिथून समुद्र गाठायचा तर आगगाडीत एक अख्खा दिवस काढावा लागे.

भावाला हे सांगितलं तेव्हा तो एक अवघड गाठ मारत होता. ती सुटली.

"मग चाचणी चुकली असणार," तो म्हणाला. नंतर वाईट वाटून म्हणाला, "किंवा आत्या चुकली असेल. ऐंशी वर्षांची बाई."

"आत्या वाण्याचा हिशेब चुकत नाही अजून, हे शब्द चुकेल?"

दोघं तणतणत तळघरात पोचली. भावाने मुद्दा मांडला, की खूण सांगते समुद्र, आणि आकडे सांगतात डोंगर, दोन्ही खरं कसं असेल? चूक कुणाची?

संशोधक बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचा चेहरा एकदम खुलला होता. "चूक कोणाचीच नसेल," त्या म्हणाल्या. "ही खूण म्हणजे तुमच्या सगळ्या पूर्वजांपैकी एकाच रांगेची गोष्ट आहे. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. बाकी सगळी माणसं, आज्या, पणज्या, आईकडचे लोक, यातलं कुणीही त्यात येत नाही. बरं, आता मला सांगा, दोन वर्षांच्या मुलाला बोलायला कोण शिकवतं?"

भाऊ हळूच म्हणाला, "आई."

चष्मेवालीच्या लक्षात आलं, की इतके महिने आपण बापाकडच्या बापाच्या मागे धावतोय, आणि बाबांना जिना चढायला शिकवणारी, त्यांचा हात धरून बीत म्हणणारी एक बाई होती, तिचा विचार आपल्या मनात एकदाही आला नाही. आला होता तो फक्त आत्याच्या आईच्या मनात.

"पण बेटांवरचा माणूस डोंगरात कसा जाईल?" भावाने विचारलं. आवाजात आता हट्ट नव्हता, उत्सुकता होती.

"ते मला काय माहीत?" बाई म्हणाल्या. "तुम्ही जाऊन बघा. आणि जाणारच असाल तर माझ्या काड्या घेऊन जा. त्या खोऱ्यातला एकही ठिपका नाही माझ्या नकाशावर. मात्र कुणाला फसवून नको. कशासाठी आहे ते सांगा, सही घ्या आणि मगच तोंड उघडायला लावा."

"ते याला जमतं," चष्मेवाली म्हणाली.

नर्सने आईला कळवून ठेवलं होतं. खोरं अरुंद, दोन्ही बाजूंना करडे डोंगर, मधून नदी. नर्सची आई अंगणात कपडे वाळत घालत होती. पाहुण्यांना बसवून तिने आधी त्यांच्याकडून तेच शब्द दोन-दोनदा म्हणवून घेतले आणि मान हलवली.

"आमचं नाही हे."

चष्मेवालीचा चेहरा पडला.

"आम्ही सुन म्हणतो. ओठ न मिटता. तुम्ही सुम म्हणताय. सुम म्हणतात नदीपलीकडचे, खाणीवाले. आम्ही लहानपणी त्यांना चिडवायचो त्यावरून."

पूल ओलांडून दोघं खाणीच्या वस्तीत गेली. खाण कधीच बंद पडली होती. डोंगराचा एक अख्खा खांदा चाकूने कापल्यासारखा सरळ उभा होता आणि त्याच्या पायथ्याशी दगडी घरांच्या दोन ओळी. वस्तीत एकच खानावळ होती. तिथे चहा पिता पिता कळलं, की फार पूर्वी दगड फोडायला कुठून कुठून कारागीर आणले होते. त्यात वरच्या बेटांवरचेही होते. तिकडे नांगरायला माती नाही, माणसं पिढ्यान् पिढ्या दगडच फोडतात. इथल्या मुलींशी लग्नं करून ते इथलेच होऊन गेले. आता कोण कुणाचा, कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

भाऊ बहिणीकडे बघत राहिला. तिने त्याच्या हातावर चापट मारली. "बघतोस काय? चहा निवतोय."

तेवढ्यात खानावळीच्या दारातून एक माणूस आत आला आणि चष्मेवालीच्या हातून कप निसटायचा राहिला. तेच पसरट कान. तीच एका बाजूला झुकलेली चाल. बोलण्याआधी घसा खाकरायची तीच लकब. बाबाच जणू, जरा उंच केलेले. हा वस्तीतला सुतार होता. भावाने उठून त्याचे दोन्ही हात हातात घेतले. ते तो सोडेचना. सुताराला वाटलं, ह्या पाहुण्याला चढली आहे.

सगळं समजावून सांगितल्यावर मात्र सुतार आनंदाने तयार झाला. वस्तीतले आणखी काही पुरुष जमले. सही करायची, तोंड उघडायचं, गाल घासायचा, असा कार्यक्रम खानावळीच्या लांब टेबलावर सुरू झाला. खानावळवाला गल्ल्यावरून मजा बघत होता. जाडजूड, तोंडाळ माणूस. "माझं नका घेऊ," तो म्हणाला. "आम्ही अस्सल इथले. ह्या डोंगराएवढे जुने. माझा आजा सांगायचा, आपल्या घरात बाहेरचं कुणी आलं नाही की बाहेर कुणी गेलं नाही." पण एक काडी उरली होती. भाऊ म्हणाला, वाया जाईल. मग तो हसत हसत आला, आ वासला. भावाने सवयीने सांगून टाकलं, "खालचे दोन दात बघून घ्यावे लागतील तुम्हाला."

परतीच्या गाडीत भावाने सुताराला काका म्हणायचं की दादा, यावर बराच खल केला. वयाचा हिशेब लावला, नातं जोडलं, पुढच्या सुट्टीत त्याला बोलवायचंही ठरवून टाकलं. चष्मेवाली त्याला आवरत होती, पण मनातून तिचंही ठरलं होतं. ते कान दुसऱ्या कुणाचे असूच शकत नव्हते.

निकाल सांगायला संशोधक बाई स्वतः दुकानात आल्या. भाऊ दवाखाना मध्येच टाकून धावत आला, गळ्यातली मुखपट्टी तशीच लोंबत.

"सुतारात तुमची खूण नाही," बाई म्हणाल्या. "त्याची रांग वेगळीच आहे. डोंगरातलीच, फार जुनी."

"पण कान!" भाऊ ओरडला.

"कान आईकडूनही येतात. आणि कधी कधी उगीचही सारखे असतात."

भाऊ मटकन आरशासमोरच्या खुर्चीत बसला. बाई म्हणाल्या, "दुसऱ्या एकात आहे. नुसती बेटांची खूण नाही. बारीकसारीक सगळ्या चुकाही जवळपास तशाच. म्हणजे तुम्हा दोघांचा समाईक पुरुष फार मागे नाही, काही थोड्या पिढ्यांतला असावा. नेमका कोण, ते मी सांगू शकत नाही. तो खानावळवाला."

चष्मेवालीला आधी हसू आलं. मग एकदम घाबरल्यासारखं झालं. ज्याने स्वतःला डोंगराएवढा जुना म्हणवलं, त्याला हे सांगायचं कुणी? निकाल त्याचा होता, तेव्हा बाईंनी त्याला आधीच फोनवरून कळवला होता. "त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला," बाई म्हणाल्या. "तुमचा नंबर देऊ का विचारलं, तर हो म्हणाले. पण रागावले असतील तर मला ठाऊक नाही."

काही दिवस काहीच आलं नाही. भाऊ चित्रातल्या होडीसमोर उभा राहून सुस्कारे टाकायचा. चष्मेवाली फोन उचलून पुन्हा ठेवायची. रविवारी सकाळी दोघं आत्याकडे बसलेली असताना फोन वाजला.

"मी बोलतोय," पलीकडून खानावळवाल्याचा आवाज आला. "तुम्ही माझं डोकं फिरवून टाकलंत बाई. चार रात्री झोप नाही. आजा माझा खोटं बोलला का हो?"

"खोटं कशाला?" चष्मेवाली म्हणाली. "त्यांना जेवढं सांगितलं गेलं तेवढं त्यांनी सांगितलं."

"तेच. तेच म्हणाली माझी आई." मग सांगू लागला, "आईला विचारलं मी. आपल्या घरातून कुणी बाहेर गेलं होतं का. आधी नाही म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणते, माझ्या सासूला एक धाकटी जाऊ होती. नवरा लढाईवर गेला, त्याची काही खबर लागेना, तेव्हा त्याला शोधायला ती निघाली. घरच्यांनी नको म्हटलं तरी. कडेवर लहान मूल होतं. घरात पुन्हा तिचं नाव काढत नसत, म्हणून आम्हाला ठाऊक नाही. सासू तेवढी कधीमधी बोलायची म्हणे. ती गेली ते नीट पोचली का, पोराचं काय झालं."

चष्मेवालीने फोन आत्याच्या कानापाशी धरला. आत्याने तो हातात घेतला आणि अनोळखी माणसाला, जराही प्रस्तावना न करता, मोठ्या आवाजात सांगितलं, "पोर खुशाल होतं. सांग तुझ्या आईला. जेवलंखाल्लं, शिकलं, लिफ्टचं काम करायचं, दोन मुलं झाली, दोघंही माझ्यासमोर बसली आहेत. त्या बाईचं मला माहीत नाही. पण पोर खुशाल होतं."

पलीकडे खानावळवाला मागे वळून कुणाला तरी ते त्यांच्या बोलीत सांगताना ऐकू आला, आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज काहीतरी विचारू लागला, पुन्हा पुन्हा.

"आई विचारते आहे," तो म्हणाला, "त्याचं नाव काय होतं? तुम्ही ठेवलेलं."

आत्याने सांगितलं. म्हातारीने तिकडे ते म्हणून बघितलं. उच्चार चुकला, आत्याने दुरुस्त केला, तिने पुन्हा म्हटलं.

"आणि मला एक विचारायचंय," खानावळवाला म्हणाला. आवाजातला राग आता कुठल्या कुठे गेला होता. "ती बेटं. तिकडे जायला बोट कुठून मिळते?"

भाऊ केव्हाचा कान लावून उभा होता. त्याने आत्याच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.